नावडत्या चौथ्याची बाजू

मामाची लाल वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात २००३ सालच्या दिवाळीचं एक पान आहे. ‘स्पर्धा, टेकन ४. नावे ६. प्रवेश २० प्रमाणे १२०. बक्षिसाचं घड्याळ १७५. चहा ४०.’ त्याखाली एक रेघ, आणि रेघेखाली काहीच नाही. मामा हिशेबाचा पक्का माणूस. पावली इकडची तिकडे होऊ द्यायचा नाही. पण त्या एका पानावरची वजाबाकी त्याने केलीच नाही.

इचलकरंजीत मामाचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दहा बाय बाराचा गाळा, चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, भिंतीला टेकवलेली दोन बाकडी. बाहेर मागांचा खडखडाट, आत पोरांचा. मी बारावीला होते, शिकायला मामाकडे राहत होते. दुपारी तो जेवून लवंडला की गल्ल्यावर मी. तासाला दहा रुपये, अर्ध्या तासाला सहा. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं: शाळा बुडवून आलेली पोरं, आणि पाळी सुटल्यावर भुवयांवर कापसाची पांढरी धूळ घेऊन आलेले यंत्रमाग कामगार. कुणी आमच्या गल्लीतले, कुणी कर्नाटकातले, कुणी बिहार-ओडिशाकडचे. बोली वेगवेगळ्या, पण सीडी एकच मागायचे: टेकन ३.

आज मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवते. माझा तेरा वर्षांचा मुलगा टेकन ८ खेळतो. परवा जेवताना त्याने सहज विचारलं, “आई, चौथा भाग फ्लॉप होता ना?” मी म्हटलं, “हो.” घास तोंडात ठेवून पुन्हा म्हटलं, “म्हणजे, नाही.” बावीस वर्षांनी त्या चौथ्याची बाजू मांडावीशी वाटते आहे. त्याचे दोष झाकून नव्हे. आमचे पैसे त्याच्यात बुडाले आहेत, त्यामुळे ते दोष मला तोंडपाठ आहेत.

आधी तिसऱ्याबद्दल. टेकन म्हणजे जपानी भाषेत लोखंडी मूठ. नामको कंपनीने मारामारीच्या खेळांच्या या मालिकेचा पहिला भाग १९९४ मध्ये आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवर आणला. तिसरा तिथे १९९७ मध्ये आला आणि १९९८ मध्ये प्लेस्टेशनवर. जगभर त्याच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्या आकड्यात इचलकरंजी धरलेली नाही. आमच्या सीड्या कोल्हापूरहून यायच्या, वर मार्कर पेनने नाव लिहिलेल्या, आणि चिप बसवलेल्या यंत्रात फिरायच्या.

त्या खेळाचं गणित चार बटणांत मावायचं. डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. इंग्रजीचं अक्षरही न येणारा कांडी भरणारा पोरगा पहिल्या दहा मिनिटांत खेळायला लागायचा आणि सहा महिन्यांनीही काहीतरी नवं शिकत असायचा. लढवय्यांची नावं कुणाला नीट घेता यायची नाहीत, म्हणून आमच्या दुकानात त्यांचं बारसं नव्याने झालं होतं. योशिमित्सू हा तलवारवाला, जॅग्वारचा मुखवटा घालणारा किंग हा वाघ, कोरियन लाथांचा ह्वोरांग हा लाथ्या. एडी गोर्डो मात्र एडीच राहिला. ब्राझीलच्या कापोएराचे डाव खेळणारा हा गडी, त्याची पायांची दोन बटणं डोळे मिटून बडवली तरी हातांवर उभा राहून गिरक्या घेत समोरच्याला झोडपायचा. नवख्यांना तो देव, जाणत्यांना ताप. पैज लागली असेल तर एडी घ्यायचा नाही, असा नियम मामाने पुठ्ठ्यावर लिहून टांगला होता.

पुढचा भाग कसा काढावा याचा तिसरा हा धडाच होता. दुसऱ्या भागात माणूस उडी मारायचा ती चंद्रावर मारल्यासारखी. तिसऱ्याने उडी आवरली आणि बाजूला सरकून वार चुकवण्याची सोय सगळ्यांना दिली. पण त्याची खरी हुशारी वेगळीच होती. गोष्ट त्याने १९ वर्षं पुढे नेली आणि जुनी माणसं म्हातारी किंवा नाहीशी करून त्यांच्या जागी पुढची पिढी उभी केली. मार्शल लॉच्या जागी त्याचा मुलगा फॉरेस्ट, मिशेलच्या जागी ज्युलिया, जुन्या किंगच्या मुखवट्याखाली नवा माणूस. चेहरे बदलले, पण बापाच्या चाली मुलाने उचललेल्या. त्यामुळे दुसरा भाग खेळलेल्या माणसाचा हात रिकामा राहिला नाही. चेहरा नवा, हात जुना: मी जे म्हणणार आहे त्याची किल्ली या चार शब्दांत आहे.

आता चौथा. जपानच्या आर्केडमध्ये तो २००१ साली आला, प्लेस्टेशन २ वर २००२ मध्ये. आमच्यापर्यंत पोचायला आणखी वर्ष गेलं. मामाने पतसंस्थेतून कर्ज काढलं, मुंबईहून प्लेस्टेशन २ आणला, नवा टीव्ही घेतला, आणि दिवाळीत स्पर्धा लावायची ठरवली. बोर्ड मी रंगवला. ‘नवीन! टेकन ४!’ यात दोन्ही उद्गारचिन्हं मामाची.

पहिल्या दिवशी बाकड्यांवर जागा नव्हती. चित्र बघून माणसं हरखली. चामड्याच्या कपड्यांवरची चकाकी, वाऱ्यावर हलणारे केस. मग कुणीतरी रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच फेरीत शिवी हासडली. वरचं बटण दाबलं की आजवर माणूस उडी मारायचा. आता तो पडद्याच्या खोलीत चालू लागायचा. त्यामागे विचार होता, माणसाला चहूबाजूंनी मोकळं फिरता यावं. पण ज्या अंगठ्याला पाच वर्षं एक वळण लागलं होतं, त्याला हा विचार कोण समजावणार?

दुसरी अडचण जमिनीची. चौथ्यात काही रिंगणांची भुई सपाट नाही. कुठे चढ, कुठे उतार. टेकनची अर्धी मजा समोरच्याला हवेत उडवून, तो खाली पडायच्या आत तीन-चार फटके हाणण्यात आहे. हे फटके हाताने मोजून ठेवलेले असतात. जमीन चार बोटं वरखाली झाली की मोजणी चुकते, शेवटचा फटका हवेत जातो. आमच्याकडे एक जॉबर यायचा, माग दुरुस्त करणारा, बोलायला कमी. दोन डाव हरून रिमोट खाली ठेवत तो म्हणाला, “ताई, ह्यांनी माग तिरका बसवलाय बघा.” त्या एका वाक्यात जे होतं ते मी पुढे कुठल्याच परीक्षणात इतक्या नेमकेपणाने वाचलं नाही.

तिसरी तक्रार एडीची. “एडी कुठं गेला?” त्याच्या जागी क्रिस्टी माँतेरो नावाची मुलगी आली होती, एडीच्या गुरूची नात. दोन दिवस गिल्ला झाला. मग कुणीतरी तिला घेऊन पायांची बटणं बडवली आणि ओरडला, “अरे, ही एडीच की!” झालं, तक्रार संपली. (एडी तिच्याच मागे, वेगळ्या पोशाखासारखा लपवलेला होता, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं.) चेहरा गेला होता, पण हात राहिला होता. माणसं चेहऱ्यासाठी फार दिवस रडत नाहीत.

जिनचं उलट झालं. जिन काझामा हा तिसऱ्याचा नायक, आमच्या दुकानात निम्म्यांचा लाडका. चौथ्यात तो होता, नाव तेच, केसांचा झुपका तोच. पण त्याचे डाव बदलले होते. ज्याच्या बोटांत जिनच्या चाली दोन-तीन वर्षं मुरल्या होत्या, तो कामगार पाळी करून आला, जिन निवडला, ओळखीची बटणं दाबली आणि पडद्यावरचा माणूस भलतंच काहीतरी करू लागला. तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. मग न बोलता उठला, उरलेल्या वेळाचे पैसेही मागितले नाहीत. पुन्हा तो चौथ्यासमोर बसला नाही.

त्यावर कडी म्हणजे हा नवा जिन भलताच जड झाला होता. सगळ्या लढवय्यांत तोल राखणं हे अशा खेळाच्या कर्त्याचं पहिलं काम. चौथ्यात तो तोल जिनच्या बाजूने कलला. परदेशातल्या मोठ्या स्पर्धांतही तेव्हा जिनचाच बोलबाला होता. आमच्या दिवाळीच्या स्पर्धेत सहा नावं आली. जिंकला समोरच्या टपरीवरचा चहावाला पोरगा. त्याने जिनच्या तीन चाली पाठ केल्या होत्या आणि त्याच त्या तीन मारत तो शेवटपर्यंत गेला. हरलेले पाच जण हसले नाहीत की चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. टेकन ३ हरल्यावर माणूस म्हणायचा, “अजून एक डाव लाव.” चौथा हरल्यावर म्हणाला, “तीन नंबर लाव.”

आणि मामाने लावला. प्लेस्टेशन २ वर जुन्या प्लेस्टेशनची सीडीही चालते. कर्जाने आणलेल्या नव्या कोऱ्या यंत्रावर, नव्या टीव्हीवर, दिवाळीच्या पाडव्याला पुन्हा टेकन ३ सुरू झाला. बाकडी पुन्हा भरली. बोर्डावरचं ‘नवीन’ मामाने ओल्या फडक्याने पुसलं.

इथपर्यंतची साक्ष चौथ्याच्या विरोधातली. आता उलटतपासणी.

दुपारी दुकान रिकामं असलं की मी चौथा खेळायचे, कारण त्या यंत्रावर कुणी नसायचं. माझी लढवय्यी लिंग शाओयू, दोन वेण्यांची चिमुरडी, जी समोरच्याकडे चक्क पाठ करून उभी राहते आणि वार आला की खाली बसते. पळपुट्या माणसाला अगदी साजेशी, आणि मी पळपुटीच होते. तिसऱ्यात रिंगणाला अंत नव्हता. मागे डोंगर दिसतोय, त्याच्याकडे कितीही सरका, डोंगर तेवढाच लांब. थोडी आघाडी मिळाली की मी मागे मागे सरकत घड्याळ संपवायचे आणि जिंकायचे. अशा जिंकण्याला आमच्याकडे ‘बाईचा डाव’ म्हणायचे. मला राग यायचा, पण त्यातलं ‘रडीचा डाव’ एवढं खरं होतं.

चौथ्यात भिंती आल्या. नेहमीसारखी मागे सरकत गेले आणि पाठ टेकली. पुढे चार फटके एका दमात. त्या क्षणी मला कळलं की आजवर मी खेळाचा अर्धाच भाग खेळत होते. मैदानाला रेघा नसत्या तर कबड्डी उरली असती का? चढाई करणारा परत कुठे जाणार, पकडणारे कुठवर रेटणार, हे रेघ ठरवते. भिंतीने टेकनमध्ये तेच केलं. आता दोन माणसं लढत नव्हती. दोन माणसं आणि एक जागा अशी तिघांची लढाई झाली. कोण कुणाला कोपऱ्यात नेतो, कोण तिथून निसटतो. समोरच्याला धरून गर्रकन आपली आणि त्याची जागा बदलून टाकायची नवी युक्तीही चौथ्याने दिली होती. म्हणजे कोपऱ्यात सापडलेला एका झटक्यात कोपऱ्यात पकडणारा व्हायचा. मी ती शिकले आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा न पळता जिंकले.

नवी माणसंही विचार करून आणली होती. स्टीव्ह फॉक्स हा मुष्टियोद्धा. मुष्टियोद्ध्याने लाथ कशी मारायची? तर त्याची पायांची बटणं लाथेसाठी नाहीतच. ती दाबली की तो झुकतो, डुलतो, अंग चोरतो. चार बटणं चार अवयव या नियमाला इतकं देखणं उत्तर त्या मालिकेत मी दुसरं पाहिलं नाही.

आणि गोष्ट. टेकनची गोष्ट म्हणजे निव्वळ भाऊबंदकी. मिशिमा घराण्याचा म्हातारा हेइहाची याने पोटच्या पोराला, काझुयाला, लहानपणी कड्यावरून खाली टाकलं. पोराने मोठं होऊन बापाला तसंच टाकलं. बापाने परत येऊन पोराला ज्वालामुखीत टाकलं. नातू जिनच्याही जिवावर आजोबा उठला. आमच्याकडे बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जातात, त्यांना हे समजवायला लागत नाही. चौथ्यात प्रत्येक लढवय्याची पूर्वकथा स्थिर चित्रांतून, शांत आवाजात सांगितली जायची. इंग्रजीत. मग बाकड्यावरचे म्हणायचे, “ताई, काय म्हणतोय?” मी गल्ला सोडून यायचे आणि अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगायचे. चौथा खेळायला कुणी तयार नव्हतं, पण त्याची गोष्ट ऐकायला पाळी सुटल्यावर चार-पाच जण बसायचे.

त्या गोष्टींतल्या दोन मला अजून आठवतात. किंगच्या गुरूला, आर्मर किंगला, मार्डुक नावाच्या धिप्पाड माणसाने मारलेलं असतं. किंग सूड घ्यायला इस्पितळात पोचतो, मार्डुक खाटेवर पडलेला. तिथे त्याला मार्डुकच्या म्हाताऱ्या आईवडिलांचा फोटो दिसतो आणि तो हात खाली घेतो. दुसरी जिनची. आजोबा त्याच्या हातात सापडलेला असतो, एक फटका बाकी. तेवढ्यात आईचं, जूनचं, रूप डोळ्यांसमोर येतं आणि तो फटका न मारता निघून जातो. मारामारीच्या खेळात शेवटी न मारणं हे बक्षीस! गोष्ट संपल्यावर एक बिहारी कामगार म्हणाला, “तो फिर इतना मारा काहे को?” यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि खेळाच्या दुकानात असा प्रश्न पडणं ही साधी गोष्ट नव्हती.

या गोष्टीच्या उजेडात जिनच्या बदललेल्या चालींकडेही मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. घराण्याचा तिटकारा आलेला मुलगा ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला, दडून राहतो आणि मिशिमांची विद्या टाकून साधं पारंपरिक कराटे शिकतो. म्हणजे चाली बदलल्या त्या कुणाच्या लहरीने नव्हे, गोष्टीने मागितल्या म्हणून. कादंबरीत हे झालं असतं तर आपण वाहवा केली असती. पण कादंबरीतल्या नायकाने विद्या टाकली तर वाचकाचं काही जात नाही. खेळातल्या नायकाने टाकली तर ती खेळणाऱ्याच्या बोटांतून जाते. न बोलता उठून गेलेल्या त्या कामगाराची तक्रार खरी होती आणि कर्त्यांचा विचारही खरा होता. चूक कुठे होती? नवं दिलं यात नव्हती. जुनं परत घेताना त्याचा मोबदला ठेवला नाही, यात होती.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. कर्त्यांनीच पुढे ते करून दाखवलं. पाचवा भाग २००४ च्या अखेरीस आर्केडमध्ये आणि २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला. जमीन पुन्हा सपाट झाली. वरच्या बटणाला उडी परत मिळाली. हलक्या-जड तोलाचीही डागडुजी झाली. आणि जिन? नवा जिन त्यांनी ठेवला, पण तिसऱ्यातल्या त्याच्या जुन्या चाली ‘डेव्हिल जिन’ नावाच्या वेगळ्या लढवय्याला दिल्या. ज्याचा हात गेला होता, त्याला हात परत. भिंती मात्र काढल्या नाहीत. काही रिंगणं मोकळी, काही भिंतींची, असा मेळ घातला. सहाव्यात भिंतींच्या जोडीला फुटणारी जमीन आली. सातव्यात आणि आठव्यात तर भिंत हा डाव रचण्याचाच भाग झाला.

प्लेस्टेशन २ वरच्या पाचव्याच्या डिस्कमध्ये पहिल्या तीन भागांच्या आर्केड आवृत्त्याही घातल्या होत्या. चौथा नव्हता. त्याला तांत्रिक कारण असेल. त्याच पिढीच्या यंत्रावरचा अवजड खेळ पोटात कसा घालणार? पण मला ते घरातल्या फोटोंच्या भिंतीसारखं वाटलं. पणजोबा, आजोबा, काका सगळे लटकलेले, आणि ज्याने घर बांधायला कर्ज काढलं त्याचा फोटो नाही.

कर्जाचा विषय निघाला म्हणून माझ्या धंद्यातलं एक सांगते. दरवर्षी वर्गात मी शिकवते की काही खर्च असे असतात, ज्यांचा फायदा त्याच वर्षी दिसत नाही, पुढची चार-पाच वर्षं मिळत राहतो. असा खर्च एकाच वर्षाच्या माथी मारायचा नाही. मारला तर ते वर्ष खोटं तोट्यात दिसतं आणि पुढची वर्षं खोटी नफ्यात. मुलं हे पाठ करतात आणि परीक्षेत चुकतात. खेळांच्या, नाटकांच्या, सिनेमांच्या पुढच्या भागांचा हिशेब मांडताना आपण मोठी माणसंही हेच चुकतो. चौथा भाग फ्लॉप, पाचवा हिट असं लिहून मोकळे होतो. भिंतीचा प्रयोग चौथ्याने केला, शिव्या त्याने खाल्ल्या, आणि त्या भिंतीवर उभं राहून टाळ्या घेतल्या पाचव्याने, सातव्याने.

म्हणून चौथा उत्तम होता असं मी म्हणणार नाही. तिरका बसवलेला माग तिरकाच. तोल गेलेला जिन, भुईचा चढउतार, अंगठ्याची मोडलेली सवय, हे त्याच वर्षाचे, त्याचेच खर्च. ते पुढे ढकलता येत नाहीत. पण दोन प्रकारच्या चुका वेगळ्या खात्यात लिहायला हव्यात. एक, नवं करताना झालेली. दुसरी, तेच ते करताना झालेली. पहिलीतून पुढच्याला काही मिळतं. दुसरीतून फक्त गल्ला भरतो, तोही थोडे दिवस.

मुलाचा टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये आला. मी तो त्याच्या शेजारी बसून बघते. नवख्यासाठी एका बटणावर डाव लावायची सोय आहे, ती मला आवडली. इंग्रजी न येणाऱ्या कांडीवाल्याला ती आवडली असती. ‘हीट’ नावाचं नवं अस्त्र आहे. ते पेटवलं की हल्ला करणाऱ्याला बळ चढतं, आणि सगळा खेळच चढाईच्या बाजूला झुकतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये नव्या हंगामाचे बदल आले आणि हल्ल्याचं पारडं आणखी जड झालं, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी इतका आरडाओरडा केला की कंपनीला दुरुस्त्या कबूल कराव्या लागल्या. मुलगाही कुरकुरला होता: “आई, थांबून, वाट बघून खेळणाऱ्याला किंमतच नाही.” मला न बोलता उठून गेलेला तो कामगार आठवला. वीस वर्षांनी पुन्हा तीच गोष्ट. कुणाच्या तरी हातात मुरलेली एक विद्या, यावेळी धीराची, मोबदल्याशिवाय काढून घेतली होती.

हे हात तयार होतात कुठे? लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने २०१९ साली जपानमधली आणि लास व्हेगासमधली अशा दोन्ही इव्हो, म्हणजे मारामारीच्या खेळांच्या मोठ्या स्पर्धा, टेकन ७ मध्ये जिंकल्या, तेव्हा जपान-कोरियाच्या दिग्गजांना धक्का बसला. आम्हाला फारसा बसला नाही. खेळाच्या दुकानांत, खांद्याला खांदा लावून, हरला तो उठला या नियमाने शिकलेली माणसं काय असतात ते आम्ही रोज बघितलं होतं. पुढचा भाग काढणाऱ्यांनी अशा हातांचा विचार करावा एवढंच माझं मागणं. चित्र बदला, माणसं बदला, जमिनीला भिंती घाला. फक्त ज्याने पाळी करून येऊन काहीतरी शिकलं आहे, त्याचं शिकणं रद्दीत घालू नका.

गेल्या रविवारी माळ्यावरून प्लेस्टेशन २ उतरवला. मुलाला चौथा लावून दिला. त्याने काझुया घेतला, मी शाओयू. पहिल्या मिनिटात त्याने मला रेटत भिंतीला नेलं, तेरा वर्षांच्या मुलाला शोभेल अशा उन्मादाने. मी त्याला धरलं, गर्रकन फिरवलं, आणि आता पाठ त्याची टेकली होती. “हे चौथ्यातच आहे?” तो म्हणाला. “आठव्यात तू भिंतीवर जे काही करतोस ना,” मी म्हटलं, “त्या सगळ्याची सुरुवात.” पुढच्या डावात त्याचा फटका उतारावर हुकला आणि त्यानेही, जॉबरला कधी न भेटता, जवळपास तीच तक्रार केली.

संध्याकाळी मामाला फोन केला. दुकान बंद होऊन जमाना झाला. तो आता दुपारी निवांत झोपतो आणि गल्ल्याची काळजी करत नाही. वहीतल्या त्या पानाचा विषय काढला. म्हटलं, “वजाबाकी मी करून ठेवली रे. तोटा ९५.”

“माहितीये मला,” मामा म्हणाला. “खेळ वाईट नव्हता गं तो. आपलं चुकलं. दिवाळीत लावायला नको होता. सणाला माणूस ओळखीचंच मागतो.”